या नावाचा तांडा नाही

१

पाकिटातून एकच कागद निघाला.

मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट फिरवलं. काही नाही. समोर रुपीबाई पाय पसरून बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची बाई, माझ्या नवऱ्याची चुलत आजी. घरात सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मी माहेरून, पांढरकवड्याहून, नुकतीच उतरले होते आणि पोरीचं दुपटं अजून खांद्यावरच होतं. रजिस्टरचं पाकीट मंगळवारीच येऊन पडलं होतं. पण ममता, म्हणजे मी, आल्याशिवाय फोडायचं नाही, असं याडीनं सगळ्यांना बजावलं होतं. आज गुरुवार. दोन दिवस ते फळीवर, देवाच्या फोटोमागं होतं.

"वाच," याडी म्हणाली. (घरात आम्ही गोर बोलीत बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत लिहिते; तिच्यात बायाही 'मी सांगतो' असंच म्हणतात.)

मी मनातल्या मनात वाचलं. लष्कराच्या जुन्या कागदांच्या दिल्लीतल्या दफ्तराचं पत्र, इंग्रजीत. खच्चर कंपनीचा शिपाई पूनमसिंग, वडील सोमला, राहणार देवसिंग नाईक तांडा, तालुका दारव्हा. युद्धकैद्यांच्या कुठल्याही यादीत नाव आढळत नाही. जून १९४२ पासून विनापरवाना गैरहजर.

म्हणजे पळालेला.

"काय लिव्हलं?"

"याडी, इंग्रजी जरा कठीण हाय. सावकाश सांगतो."

"कठीण कायचं?" चुलीपाशी बसलेली माझी सासू नंदाबाई मागं न वळता बोलली. "पळाला तं पळाला. त्यात काय कठीण हाय?"

मी अजून एक अक्षर मोठ्यानं वाचलं नव्हतं.

तेवढ्यात माझं लक्ष मोनीकडे गेलं. नऊ महिन्यांची माझी मोनाली पाकिटाचा कोपरा चोखत होती आणि तिच्या ओठांवर पांढरं काहीतरी लागलं होतं. त्या वर्षी घरोघरी कोनाड्यात फवारणीचे डबे असायचे. दिसेल ते पांढरं मला विषच वाटायचं. मी तिच्या तोंडात बोट घातलं, ती किंचाळली. बोट नाकाशी नेलं. विष नव्हतं, शिजवलेल्या मैद्याची खळ होती.

सरकारी पाकिटाला खळ कोण लावतो?

२

आधी हे सांगायला हवं की या कागदावर काय अडकलं होतं.

रविवारी तांड्यात सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं काळा दगड उभा राहणार होता. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या तांड्यातल्या शिपायांची नावं त्यावर कोरायची होती. गोरमाटी म्हणजे बंजारा माणसाला जनावर हाकायला शिकवावं लागत नाही, म्हणून आमची माणसं खच्चर कंपन्यांत भरली होती. सहा नावं कोरून झाली होती. सातवं होतं याडीच्या नवऱ्याचं, पूनमसिंगचं. "कागद आणा, नाव टाकतो," असं समितीच्या अध्यक्षांनी, तांड्याचे नाईक बबनरावांनी, याडीला चारचौघांत सांगितलं होतं.

पूनमसिंग एकोणिसशे बेचाळीसमध्ये आफ्रिकेत पकडला गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं काय झालं ते एकाच माणसाच्या तोंडून आलं. त्याच्याच कंपनीत असलेला देवसिंग, बबनरावांचा बाप. तो सेहेचाळीस साली परत आला आणि पंचांपुढं म्हणाला, पूनमसिंग कैदेतून पळाला, दुसरीकडं घर केलं, तो येणार नाही. तेव्हापासून याडी पळपुट्याची बायको झाली. लग्नात तिचा हात हळदीला लागू देत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हळदीच्या ताटाला हात लावायला ती पुढं आली, तर एका बाईनं ताटच उचलून नेलं. साठ वर्षं हे चाललं होतं.

आणि आता हा कागद. रविवारी हाच वाचून दाखवला तर सरकारी शिक्का बसणार होता.

पाकीट घेऊन मी किराणा दुकानात गेले. पोस्टाच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं होतं, पंच्याण्णव ग्रॅम. दुकानदाराला म्हटलं, हे तोलून दे.

"काहून वहिनी, रद्दी विकून राह्यली का? एवढ्याशात चॉकलेट बी नाही येत."

"तू तोल."

पाकीट आणि कागद मिळून वीस ग्रॅमचं मापही उचललं गेलं नाही. पंधराएक कागद कुणीतरी काढले होते आणि हा एक आत घातला होता. परत चिकटवायला खळ वापरली. खळीची बादली आमच्याच अंगणात होती. रविवारच्या कार्यक्रमाचे कागद भिंतींना लावायला समितीनं ती सासूकडे ठेवली होती.

घरी आल्यावर मी सासूला विचारलं, "आत्या, मंगळवारपासून घरी कोण कोण आलं?"

"पोलीस झाली का तू?"

"पोरीनं काय चाटलं ते पाह्यचं हाय."

पोरीचं नाव काढलं की सासू नरमते. "बबनराव आलते, बादली नेली अन् आणून देल्ली. तो तुया कॉलेजचा सर आलता, कागद आला का म्हणून. पाकीट हातात घेऊन पाह्यलं त्यानं. बाकी कोन? मी अन् याडी. अन् शाम, आपल्या घरचा."

"अन् तुमाले कसं कळलं कागदात काय लिव्हलं ते?"

तिनं भाकरी तव्यावर आपटली. "लगीन होऊन आलो तवापासून तेच आयकून राह्यलो ना. दुसरं काय लिव्हतीन?"

ते खरं वाटलं. आणि तेच किळसवाणं होतं.

३

अतुल सर दारव्ह्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांचे आजोबाही त्या लढाईत कैद झाले होते. वऱ्हाडातल्या अशा माणसांचा माग काढायचा नाद सरांना दहा वर्षांपासून आहे. भिंतीवर नकाशा, नकाशावर टाचण्या, टेबलावर लष्करी याद्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे. दिल्लीचा अर्ज मी आणि त्यांनी मिळून याच टेबलावर लिहिला होता.

मी मोनीला कडेवर घेऊन सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "सर, पाकीट तुम्हीपण हातात घेतलं होतं."

ते हसले, पण मनातून दुखावले. "मी चोरायला बसलो तं यादी चोरीन, पत्र कायले चोरीन? अन् खळ लावणार होय? मले तं पोस्टाचं तिकीट बी सरळ चिकटवता येत नाही."

"कोणी आधी छापून आणायचं, अशी तुमच्यात चढाओढ चालते म्हणतात."

"चालते. लय घाण चालते. पण ममता, हे पाहा." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "पकडलं की आधी काटेरी तारेचं कुंपण. तिथून तात्पुरता तळ. तिथून जहाजानं पलीकडं, इटलीतली कायमची छावणी. परतेक ठिकाणची यादी येगळी. वरच्या छावण्यांच्या याद्या नीट हायेत, साहेबांच्या तं बुटाचे नंबर बी सापडतात. मधल्या तळाची यादी कोणी मागत नाही. माणूस हरवते तो दोन याद्यांच्या मधात. म्हणून आपण अर्जात मधल्या तळाचीच यादी मागतली. अन् हे पत्र म्हणते, कुठल्याही यादीत नाही. तळाचं नाव बी लिव्हलं नाही. असं उत्तर मले दहा वर्षांत आलं नाही."

त्यांनी अर्जाची आमची प्रत काढून पत्राशेजारी ठेवली. सर तळांबद्दल बोलत राहिले, मी दोन्ही कागदांवरचा पत्ता वाचत राहिले.

आमच्या प्रतीवर लिहिलं होतं: सोमला नाईक तांडा, उमरी नाल्याजवळ.

पत्रात होतं: देवसिंग नाईक तांडा.

तांड्याला नाव त्याच्या नाईकाचं, म्हणजे मुखियाचं असतं. नाईकी दुसऱ्या घरात गेली की नाव बदलतं. आणि आमचा तांडा तर जागाही बदलून बसला. पूनमसिंग भरती झाला तेव्हा नाईक होता त्याचा बाप, सोमला. हे मला याडीनं सांगितलं होतं आणि मी सरांना. बाहेरच्या माणसाला, दिल्लीच्या कारकुनाला तर नक्कीच, अर्जात जे लिहिलं तेच उत्तरात लिहावं लागणार. देवसिंगचं नाव त्याच्या हातून येऊच शकत नाही.

ते नाव एकाच तऱ्हेचा माणूस नकळत लिहील. देवसिंग नाईक तांड्यात जन्मलेला आणि त्याआधी इथं काही होतं हे कधीच मनात न आलेला.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही सुटले."

"उपकार झाले बाई," ते म्हणाले.

४

बबनराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. आता निवृत्त, तरी सवय गेलेली नाही. त्याच संध्याकाळी मी मंदिराशी पोचले तेव्हा दगडाजवळ कुणाचीतरी कापसाची गाडी उभी होती. बबनरावांनी गाडीतून चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, धाग्याची लांबी पाहिली आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडं न बघता म्हणाले, "ओला हाय."

गाडीवाला म्हणाला, "भाऊ, केंद्र तं बंद हाय. तुमाले कोन इचारलं?"

"ओला हाय तं हाय."

मग त्यांनी मला पाहिलं आणि चेहरा गोड केला. तो गोडवा मला माशी पडलेल्या चहासारखा वाटतो. "ये बेटा, ये. कागद आला म्हणे."

"आला. तुम्ही मंगळवारी घरी होते ना?"

"बादली न्यायले आलतो. पाकीट दिसलं फोटोमागं. म्या हात बी नाही लावला." त्यांनी मोनीचा गाल चिमटीत धरला, कापूस ओढतात तसाच. पानाचा लाल डाग तिच्या गालावर उमटला. "पाह्य बेटा, माया बाप खोटं बोलणारा नव्हता. पण कागदात पूनमसिंगचं नाव निघालं असतं तं मी सोता कोरून देल्लं असतं. नाही निघालं तं काय करतं? सरकारी कागद खोटा रायते का?"

"नाव नाही निघालं, हे कोणी सांगतलं तुमाले?"

त्यांनी गाडीतला आणखी चिमूटभर कापूस ओढला. "नंदाबाई बोलली असन."

सासू गुरुवारी दिवसभर घराबाहेर पडलेली नव्हती.

"बबनराव, इंग्रजी येते का हो तुमाले?"

ते मोठ्यानं हसले. "सई करता येते. साऱ्या जिल्ह्याचा कापूस सईवरच घेतला ना! अन् बेटा, आता त्या पळपुट्याच्या भानगडीत तू नको पडू. तुया घराचे दिवस चांगले येऊन राह्यले. शामले या दगडाच्या दिवशीच कारभारी करतो म्या. तांड्याचा कारभारी! तुले सांगतलं नाही का त्यानं?"

कारभारी म्हणजे नाईकाच्या उजव्या हाताचा माणूस. नाही, त्यानं सांगितलं नव्हतं.

मी ओच्याच्या टोकाला थुंकी लावून मोनीचा गाल पुसला. डाग पुसट झाला, पण गेला नाही. घरी येईपर्यंत मी पुसतच होते.

५

शुक्रवारी सकाळी शाम लोहाऱ्याला कामावर गेला. तिथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात तो नोंदी ठेवतो. शेअर जीपनं दारव्हा, तिथून एसटी. मी मोनीला न्हाऊ घातलं आणि दाराशी उन्हात बसले. पत्र उन्हासमोर धरलं. मागून प्रकाश आला की कागद बोलतात, असं सर म्हणायचे.

वरचं नाव-पत्ता, राजमुद्रा, खालची सही, शिक्का, सगळं छापील होतं. शिक्क्यालाही शाईचा दाब नव्हता. म्हणजे जुन्या कुठल्यातरी खऱ्या पत्राच्या मधला मजकूर झाकून झेरॉक्स काढली होती आणि मोकळ्या जागेत नवा टाइप केला होता. इतपत मला अंदाज होताच.

मग राजमुद्रेच्या बाजूला काहीतरी दिसलं. ठिपक्याठिपक्यांचं, राखाडी, फिकट. एक गोल. पूर्ण नाही, चंद्रकोरीहून थोडा मोठा.

तो गोल मला पाठ होता.

जूनमध्ये दफ्तराकडून अर्ज पोचल्याचं पत्र आलं होतं. मोनीच्या पोटात दुखत होतं त्या दिवशी. मी घाईत ग्राइप वॉटरची बाटली त्याच कागदावर ठेवली आणि बाटलीच्या बुडाचा गोल उमटला. मी तेव्हा हळहळले होते, सरकारी कागद खराब केला म्हणून. मग ते पत्र मी पेटीत ठेवलं, मोनीच्या लसींच्या कार्डाखाली.

पेटी उघडली. कार्ड होतं, खाली पत्र होतं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उन्हात धरले. गोलावर गोल बसला.

पेटीला कुलूप असतं. एक किल्ली माझ्या कमरेला, माहेरी गेले तेव्हाही माझ्याजवळच होती. सासूकडे नाही, बबनरावांकडे नाही, सरांनी तर पेटी पाहिलीही नाही.

दुसरी किल्ली माझ्या नवऱ्याकडे.

मी मोनीला छातीशी धरून तशीच बसून राहिले. तीन लोकांवर संशय घेत काल दिवसभर फिरले. चौथा रोज रात्री माझ्या ताटातलं लोणचं उचलून खात होता. तोच संगणकावर बसतो. त्याचाच जन्म देवसिंग नाईक तांड्यातला. आणि त्यालाच कारभारी व्हायचं होतं. रडू आलं नाही. दोन्ही कागद घडी करून ओच्यात खोचले.

६

शनिवारी त्याला सुट्टी. तो अंगणात दाढी करत होता. मी आरशासमोर दोन्ही कागद धरले.

"हा गोल पाहा."

त्यानं पाहिलं. वस्तरा गालावरच थांबला. मग त्यानं उरलेली दाढी पूर्ण केली, नीट, हनुवटीखालीसुद्धा. मला सगळ्यात जास्त शिसारी आली ती त्याचीच.

"शाम, तुया आजोबाचा सख्खा भाऊ होता तो."

"मी कुठं पाह्यला त्याले? मेलेल्या माणसाचं नाव दगडावर लिहून कोणाचं पोट भरते? बबनराव म्हणे, दुसऱ्यांदा कागदं मागवले तरी वर्ष लागते, तोवर म्हातारी कुठं रायते. कारभारी झालो की चार लोक इचारतात. माया सोयीसाठी नाही केलं म्या. पोरीसाठी केलं."

"पोरीचं नाव घेऊ नको."

"मंग कोणासाठी करतो मी सारं?"

"तू केलेल्या पाकिटाचा कोपरा चोखत होती ती. ते माहीत हाय का तुले?" माझा आवाज चढला. सासू दारात येऊन उभी राहिली. "अन् पत्ता काहून बदलला? खऱ्या कागदावर सोमला नाईक तांडा असनच ना."

तो खरंच गोंधळला. "तो चुकीचा होता. असा तांडा कुठं हाय? मले वाटलं टायपिंगची चूक असन, म्हून दुरुस्त केला."

दुरुस्त केला. ज्या सोमलाचा हा पणतू, त्याचं नाव त्यानं चूक म्हणून खोडलं होतं.

"खरे कागद कुठं हायेत? जाळले?"

त्यानं वस्तरा पुसून ठेवला. मग म्हणाला, "लोहाऱ्याले. माया लॉकरमधी."

"काहून ठेवले?"

"उद्या बबनराव पलटला तं?"

म्हणजे आजीलाही फसवलं आणि ज्याच्यासाठी फसवलं त्याच्या गळ्यालाही दोरी ठेवून दिली. मी सासूकडं बघितलं. तिच्या हातातली परडी खाली पडली होती, तिनं उचलली नाही.

"चपला घाल," मी शामला म्हटलं. "तू चल, अन् कागदं माया हातात दे. नाही तं हे दोन कागद उद्या तुया बबनरावाच्या मायकवर वाचतो मी, गोलासकट."

मोनीला घेऊन आम्ही तिघं लोहाऱ्याला गेलो. जाताना जीपमध्ये ओळखीचे लोक होते. शाम त्यांच्याशी क्रिकेटबद्दल बोलत होता.

७

कागद मी तिथंच, कारखान्याच्या फाटकाबाहेर बसून वाचले. शाम थोडा लांब उभा राहिला.

पहिल्या काही पानांत लिबियातल्या तात्पुरत्या तळाची यादी होती. पंधराशे माणसांसाठी एक विहीर, असा कुणा डॉक्टरचा शेरा. मग मृतांची नोंद: पूनमसिंग, वडील सोमला, खच्चर हाकणारा, आमांशानं, १९ नोव्हेंबर १९४२. पुरल्याची जागा, ओळ आणि क्रमांक.

तो पळालाच नव्हता. तो दुसऱ्या यादीपर्यंत पोचलाच नव्हता.

पुढं सुटून आलेल्या कैद्यांचे जबाब होते. सुटका झाल्यावर प्रत्येकाला विचारत, तुझ्यासमोर कोण कोण मेलं. त्यात देवसिंगचा जबाब होता, दुभाष्यानं लिहिलेला, खाली अंगठा. "माझ्या गावचा पूनमसिंग माझ्या मांडीवर मेला. पाणी मागत होता. मी त्याला पुरलं."

मी ते तीनदा वाचलं. पंचेचाळीस साली साहेबांपुढं त्यानं हे सांगितलं. आणि सेहेचाळीस साली आमच्या पंचांपुढं दुसरं.

का, ते शेवटच्या कागदावर कळलं. मृत्यूची सूचना सोमला नाईक तांड्याच्या पत्त्यावर निघाली होती, सत्तेचाळीसच्या आरंभी. ती परत गेली. मागं मोडीतला शेरा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर: "या नावाचा तांडा नाही." शेरा देणारा: देवसिंग, नाईक. अंगठा.

शूर शिपाई म्हणून मेलेल्याच्या घरातून नाईकी कुणी काढून घेतली नसती. पळपुट्याच्या घरातून पंचांनी एका बैठकीत काढली आणि लढाईवरून आलेल्या देवसिंगला दिली. तांड्याचं नाव बदललं. मग कागद आला, तर ज्याच्या मांडीवर तो मेला त्यानंच कागद परत पाठवला.

मी उठले. अंगठ्याचे दोन्ही ठसे पुन्हा शेजारी शेजारी धरले. रेषा सारख्या होत्या.

त्या संध्याकाळी मी याडीला सगळं वाचून दाखवलं. पाण्याच्या ओळीवर तिनं फक्त एवढंच विचारलं, "देल्लं का त्यानं?"

कागदात ते लिहिलं नव्हतं.

८

रविवारी मंडप भरला होता. यवतमाळहून पाहुणे आले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात पाहुणे फार यायचे. रडणाऱ्या बायका शोधत गाड्या फिरायच्या. त्यांतलीच एक कॅमेऱ्याची गाडी इकडंही वळली होती. अतुल सर मागं उभे होते.

बबनरावांचं भाषण चालू असताना मी मंचावर चढले. मोनी कडेवर. सगळे कागद मोठ्यानं वाचले. आधी यादी, मग जबाब, मग मोडीतला शेरा. तारखांसकट.

बबनराव पटकन सावरले. साठ वर्षांची सवय होती घरात. त्यांनी माईक घेतला. "चूकभूल माणसाच्याच हातून होते. माया बाप अडाणी होता. काय हरकत हाय? पूनमसिंगचं नाव बी टाकू. खाली जागा हाय. आत्ताच टाकू!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि लोकांनीही वाजवल्या! दोन मिनिटांपूर्वी जे ऐकलं त्यावर, हसत.

याडी पहिल्या ओळीतून उठली. तिला माईक लागला नाही.

"त्या दगडावर नको," ती म्हणाली. "वर 'देवसिंग नाईक तांडा' कोरलं हाय, त्याच्या नावाखाली माया माणसाचं नाव नको."

"याडी, असं कसं..."

"बबन, तू बस." मग ती तांड्याकडं वळली. "माया माणूस मेला. मले काल कळलं. मंग तो कालच मेला. कळल्यावर सुतक लागते का नाही, सांगा. उद्या तांड्यात चूल पेटवायची नाही. आंघोळी करून माया दारी या. मरणाले जे करता तेच मागून राह्यलो. दुसरं काही नाही."

लोक पाहुण्यांच्या जेवणाकडं वळले. कॅमेरावाल्यानं याडीला पुन्हा एकदा तेच बोलायला सांगितलं. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी उजाडताच मी टेकाडावर जाऊन उभी राहिले. थंडीत धूर सरळ वर चढतो, लांबून मोजता येतो. तांड्यात सत्तर घरं. मी चार वेळा मोजलं. एकवीस धूर.

बाकीच्या घरांवर काही नव्हतं. हळूहळू माणसं ओल्या केसांनी आमच्या दारी यायला लागली. माझं हळदीचं ताट उचलून नेणारी बाईही आली आणि याडीच्या पायाशी बसून राहिली. याडीनं तिला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. माझ्या सासूनं चुलीवर मडकं पालथं घातलं होतं आणि ती दाराशी बसली होती, आल्या-गेल्याला जागा करून देत. उरलेल्या एकवीस घरांची नावं मी लिहून ठेवली आहेत. कशाला, ते मलाही माहीत नाही.

दहाच्या सुमाराला शाम उठून आला. "चहा?"

"सुतक हाय."

"मोनीसाठी तरी पेटव."

"मोनीले मी पाजतो."

तो थोडा वेळ अंगणात फिरला, मग बबनरावांच्या घराकडं गेला. सगळ्यात जाड धूर तिथूनच येत होता. तासाभरानं परतला. दारात बसलेल्या लोकांच्या मधून वाट काढत तो माझ्यापर्यंत आला. बोटांना रश्शाच्या तर्रीचा वास होता, मिशीला तेल लागलं होतं. त्यानं मोनीला घ्यायला हात पुढं केले.

मोनी त्याच्याकडं झेपावली. मी तिला मागं ओढलं.

"आधी आंघोळ कर," मी म्हटलं.

तो हसला, सगळ्यांकडं बघून. कुणी हसलं नाही. न्हाणीत पाणी गार होतं. तो तसाच उभा राहिला.

मी मोनीला याडीच्या मांडीवर दिलं.